सूचनापेटीतली कवळी

१० जानेवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच शिलाईयंत्राच्या खणात टाकशील, हे मी धरूनच चालले आहे. तरी लिहिते. दोन वर्षं आपण बोललो नाही. मी तीनदा फोन केला, तू तीनदा उचलला नाहीस, मग मीही हट्टाला पेटले. तुझीच बहीण ना.

बातमी अशी, की मी पुन्हा शाळेत जाते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी! हसायचं असेल तर हसून घे, मी थांबते. अभ्यासक्रम वर्षभराचा आहे. एखाद्या ऑफिसात, कारखान्यात वर्षानुवर्षं चालत आलेली पद्धत बदलायची असते, ती माणसांना बरोबर घेऊन कशी बदलायची आणि ज्यांना बदलायची आहे त्यांना सल्ला कसा द्यायचा, हे शिकवतात. पॅकिंगच्या कारखान्यात वीस वर्षं सुपरवायझरी केल्यावर मला वाटत होतं, यात शिकण्यासारखं काय आहे? सांगायचं आणि करून घ्यायचं. आमच्या शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत, काठी टेकत येतात आणि बोलता बोलता तीच काठी फळ्यावर आपटतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी कोणाकोणाला वाटतं, की आपण दुसऱ्याचं नीट ऐकतो?" मी हात वर केला. सगळ्यांच्या आधी.

आता शेवटचे चार महिने प्रत्यक्ष काम आहे. मला एका मोठ्या इस्पितळाचा धुलाई विभाग मिळालाय. तळघरात आहे. बारा माणसं, खोलीएवढी चार यंत्रं, डोक्यावरून जाणारे गरम नळ आणि मधोमध एक लांबलचक टेबल. सगळ्या वॉर्डांच्या मळक्या चादरी, उशांचे अभ्रे, गाऊन त्या एका टेबलावर येऊन पडतात. तिथे त्यांची निवड होते, धुलाई होते आणि मग परत जाताना जिकडचं तिकडे जाईलच याची खात्री नाही. मुलांच्या वॉर्डाची चिमुकली पांघरुणं हाडांच्या वॉर्डात जातात, तिथल्या सहा फुटी माणसाच्या गुडघ्यापर्यंत कशीबशी पुरतात. इस्पितळाच्या अधीक्षकांचं म्हणणं, प्रत्येक वॉर्डाचा गठ्ठा पहिल्यापासून शेवटपर्यंत वेगळा ठेवा. मी दोन दिवसांत अकरा पानांचा आराखडा केला. सहा रंगांचे बाण आहेत त्यात. मला स्वतःलाच तो इतका आवडला की मी तो दोनदा वाचला.

पहिल्या दिवसासाठी तयार कोट विकत घेतला. डावा खांदा घसरतो. असो.

तुझ्या दुकानात जे झालं त्याबद्दल हे पत्र नाही. मी जे केलं ते चांगल्यासाठीच केलं होतं, एवढंच म्हणते आणि तो विषय सोडते.

तुझी बहीण


२ फेब्रुवारी

ताई,

पत्र परत आलं नाही. म्हणजे पोस्टमनकडून तू ते घेतलंस. तेवढ्यावर मी दुसरं लिहायला घेतलंय, बघ मी किती थोडक्यावर खूश होते.

आराखडा सादर केला. बाराही माणसं हात पुसत येऊन उभी राहिली. धुलाईचे मुकादम म्हणजे दाराएवढा माणूस, दिवसाला वीस शब्द बोलतात. ते म्हणाले, "छान आहे, मॅडम." घड्या घालणाऱ्या मावशी आहेत, त्या सतरा वर्षं तिथेच आहेत. त्या जवळ येऊन कागदाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाण काय सुरेख काढलेत हो!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी घरी येऊन गोड खाल्लं.

सोमवारी गेले तर टेबलावर तोच ढीग. "सुरुवात करायची ना?" म्हटलं. "करू ना," मुकादम म्हणाले. मंगळवारी तोच ढीग. "करू ना." मग मी प्रश्नावली छापून नेली. ‘सध्याच्या पद्धतीत तुम्हाला कोणती अडचण जाणवते?’ खाली अ, आ, इ, ई. बाराही जणांनी ‘अ’वर खूण केली, एकाच पेनने, बहुधा एकाच हाताने.

शेवटी मी सूचनापेटी लावली. पिवळी, वर फट, पुढे छोटं कुलूप. किल्ली माझ्या गळ्यात. नाव लिहायचं नाही, मनात येईल ते टाका, असं सगळ्यांना समजावून सांगितलं. १९ तारखेला उघडणार आहे.

लोक असे का वागतात गं? तुझ्या दुकानात तरी मी काय वाईट केलं होतं? डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तू बारा दिवस लेकीकडे राहिलीस, किल्ली माझ्याकडे दिलीस. बारा दिवस मी खपले. रिळं रंगांप्रमाणे लावली, कपाटांना नंबर दिले, शिवायला आलेल्या कपड्यांची यादी कॉम्प्युटरवर चढवली. तू हिरवा चष्मा लावून दारात उभी राहिलीस आणि एवढंच म्हणालीस, "माझे कागद कुठे आहेत?" त्यानंतर काही बोललीच नाहीस. रिळांकडे बघितलंससुद्धा नाही.

तुझी बहीण


१९ फेब्रुवारी

ताई,

आज पेटी उघडली. सूचना एकही नाही.

काय निघालं ते ऐक. पाच पेनं. एक थर्मामीटर. चष्म्याची एक काच. सात बटणं, त्यातलं एक पितळी. लहान मुलीच्या केसांची निळी क्लिप. आणि एका अभ्र्याच्या चिंधीत नीट गुंडाळलेली, खालच्या दातांची अख्खी कवळी.

ताई, मी ती कवळी हातात धरून त्या तळघरात उभी होते आणि ती माझ्याकडे बघून हसत होती. मला रडू फुटायचं बाकी होतं. पॅकिंगच्या कारखान्यात माझ्या नुसत्या चपलांचा आवाज आला तरी लोक सरळ उभे राहायचे, आणि इथे माझ्या पेटीचा उकिरडा केला! मी कुणाशी न बोलता निघाले आणि थेट बाईंच्या घरी गेले. टेबलावर रुमाल पसरला, कवळी ठेवली आणि म्हटलं, "ही बघा माझी थट्टा."

बाई हसायला लागल्या ते थांबेचनात. काठी गळून पडली. डोळे पुसून म्हणाल्या, "अहो, तुम्ही पेटी दिलीत, त्यांना पेटी हवीच होती. तुम्हाला हव्या त्या कामासाठी नव्हे, एवढंच." मग एकदम गंभीर झाल्या. "आणि या कवळीवाचून कुणीतरी जेवत नसेल. आधी ते बघा."

आता एक कबूल करते. मी तुला लिहिलेलं पहिलं पत्र गृहपाठ होता. बाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं, ज्याच्या आयुष्यात तुम्ही त्याला न विचारता बदल केलात अशा एका माणसाला पत्र लिहा. टाकू नका, वहीत ठेवा. वर्गातले बाकीचे खिडकीबाहेर बघत आठवत बसले. मला आठवावं लागलं नाही. पत्र वहीत ठेवणं मात्र जमलं नाही. दुसरं पत्र कुणी सांगितलं नव्हतं, हेही नाही.

तुझी बहीण


११ मार्च

ताई,

बरंच घडलंय, आणि मला ते दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कवळी घेऊन मावशींकडे गेले आणि म्हटलं, "ही कुणाची असेल हो?" उत्तर माहीत नसताना मी त्या तळघरात विचारलेला तो पहिला प्रश्न. मावशींनी घडी घालायचं थांबवलं. "कुठल्या गठ्ठ्यातून आली ते कसं कळणार? सगळं एकत्रच येतं. पण जेवणाच्या वेळेला फिरू. जो नुसतं सूप पीत असेल त्याची."

आम्ही दोघी कवळी वाटीत घालून चार मजले फिरलो. तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा चमचा हातात धरून सूपाकडे असं बघत होते, की त्या सूपाने त्यांचं काही बिघडवलं असावं. तीन दिवस ते सगळ्यांना सांगत होते, उशीखाली ठेवली होती म्हणून. सगळे म्हणत होते, आजोबा, घरीच राहिली असेल. कवळी धुऊन हातात दिली. त्यांनी ती बसवली, दोनदा दात वाजवून बघितले आणि पहिलं वाक्य बोलले ते, "सफरचंद आहे का?"

खाली आल्यावर मुकादमांनी स्वतःहून मला मागच्या कपाटाशी नेलं. आत अकरा पत्र्याचे डबे. पेनं, चष्मे, किल्ल्या, जपमाळा, कुणाच्या तरी लग्नाची अंगठी, एका मुलाचा लाकडी घोडा. इतक्या वर्षांत कपड्यांतून सापडलेलं. वर नेऊन दिलं तर प्रत्येक वॉर्ड म्हणतो आमचं नाही. टाकून द्यायला कुणाचा हात धजत नाही.

मी विचारलं, "मग माझ्या आराखड्याला हो का म्हणालात?"

"नाही म्हटलं असतं तर तुम्ही अजून अकरा पानं आणली असती," मुकादम म्हणाले. मग एका डब्याचं झाकण लावत, "मॅडम, तुम्ही प्रश्न विचारता तेव्हा उत्तर तुमच्याकडे तयार असतं. आम्हाला फक्त खूण करायला जागा ठेवता." वीस शब्दांचा कोटा त्या दिवशी त्यांनी माझ्यावर उधळला.

त्यानंतर आठवडाभर मी टेबलावर उभी राहून निवड केली, दोन-दोन हातमोजे घालून. तेव्हा कळलं की त्या कामाला वेळ का लागतो. ती माणसं प्रत्येक खिसा, प्रत्येक अभ्र्याचा कोपरा बोटांनी चाचपतात. मी माझ्या सातव्या पानावर निवडीचा वेळ निम्मा केला होता. तिसऱ्याच दिवशी एका गाऊनच्या खिशात उघडी सुई निघाली, इंजेक्शनची. सातवं पान मी घरी येऊन फाडलं.

शुक्रवारी मावशींना एक मोजा सापडला, बाळाचा, अंगठ्याएवढा. त्या म्हणाल्या, "कुठला कोण जाणे," आणि डब्याकडे निघाल्या. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, ताई. रंगासकट. मी ओठ गच्च मिटले, देवाशपथ, आयुष्यात इतके कष्ट झाले नव्हते. एवढंच विचारलं, "हा परत जायचा असेल तर काय करावं लागेल?"

मुकादमांनी कान खाजवला. "गठ्ठा कुठून आला ते कळायला हवं."

"मग मिसळायचेच कशाला गठ्ठे?" मावशी म्हणाल्या. आणि बाराही जण एकदम बोलायला लागले.

अधीक्षकांना हवं होतं तेच, ताई! पण माझे रंग त्यांनी पहिल्या मिनिटात उडवले. बॉयलर सांभाळणाऱ्या काकांना लाल आणि हिरवं सारखंच दिसतं. इतक्या वर्षांत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, त्या दिवशी सांगितलं. म्हणून आता गाड्यांवर चित्रं आहेत. मुलांचा वॉर्ड चेंडू, हाडांचा छत्री, बाळंतिणींचा मासा. मासा का, ते कुणालाच माहीत नाही. मावशींना तो काढता येतो म्हणून. प्रत्येक गाडीला एक डबा बांधलाय. सापडलेली वस्तू त्याच गाडीने वर जाते. पहिल्या आठवड्यात डबे भरभरून गेले. दुसऱ्या आठवड्यात वॉर्डातल्या सिस्टर जराशा ओशाळल्या आणि खिसे आधीच बघायला लागल्या. काल मुकादमांनी मला चार गाड्यांचे डबे दाखवले. रिकामे.

आता ते सांगते, जे तीन पत्रं टाळलंय.

तुझे ते खाकी कागद मी रद्दीत घातले. खिळ्यांवर लटकलेले, पिवळे पडलेले, कडा फाटलेले, एकेका गिऱ्हाइकाच्या मापाचे. त्यांच्यावर लिहिलेले आकडे आधी कॉम्प्युटरवर उतरवून घेतले, म्हणून मला वाटलं मी फार शहाणी. टेबलावर उभी राहिल्यावर कळलं, हाताला जे ठाऊक असतं ते यादीत येत नाही. फितीने खांद्याची लांबी कळते, तो किती झुकलाय ते कळत नाही. ते तू कागदात कापून ठेवलं होतंस, एकेक माणूस, तीस वर्षं.

आणि त्यात आईचा कागद होता. मी तो ओळखला होता, ताई. उजवीकडे उतरलेला खांदा, मानेपाशी वाढवलेलं बोटभर. तो हातात घेऊन मी मिनिटभर उभी होते आणि मग म्हटलं, आई आता कुठे कपडे घालणार आहे, आणि गठ्ठ्यावर ठेवला. मला माहीत नव्हतं असं मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही तेच सांगणार होते, तू विचारलं असतंस तर. मला माहीत होतं.

त्याची मला लाज वाटते. चांगल्यासाठी केलं, हे वाक्य मी परत घेते.

तुझी बहीण


१८ एप्रिल

ताई,

काल शेवटचं सादरीकरण झालं. बोलले ते मुकादम. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, हातात एकही कागद नव्हता. अधीक्षकांनी विचारलं, ही कल्पना कुणाची? मुकादम म्हणाले, "कवळीची." बाई काठी आपटून हसल्या. बॉयलरवाल्या काकांनी लाकडी घोडा आणला होता. मूल अजून सापडलं नाही, पण शोध चालू आहे. मी पास झाले.

पत्रं वहीत न ठेवता टाकते, हे मी बाईंना मागेच कबूल केलं होतं. नंतर त्यांनी बाजूला घेऊन विचारलं, "पत्राला उत्तर आलं का?" नाही म्हटलं. "पत्रांत काय लिहिता?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि विचारता काय?"

चार पत्रं मनातल्या मनात वाचून काढली. तुला एकही प्रश्न विचारलेला नव्हता. उत्तर हवं असलेला. म्हणून आज फक्त एवढंच.

तुझे डोळे आता कसे आहेत? सुईत दोरा स्वतः ओवतेस का?

ते कागद गेल्यावर तू काम कसं केलंस?

काय केलं तर तुला बरं वाटेल?

दुकानात आले तर चालेल का? काही आवरणार नाही. नको म्हणालीस तर तेही चालेल. पण तसं कळव.

तुझी धाकटी


२६ एप्रिल

भिंगरे,

पत्रं सगळी वाचली. पहिलं यंत्राच्या खणात टाकलं होतं, तेवढं बरोबर ओळखलंस. दोन दिवसांनी बॉबिन शोधताना सापडलं, म्हणून उघडलं. त्यात ‘मी’ आणि ‘माझं’ किती आलंय ते खडूने खुणा करून मोजत होते, विसाच्या पुढे कंटाळले. शेवटचं पत्र मात्र बरं आहे. तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग, त्यांनी हिंमत केली.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. डोळे उत्तम आहेत. दोरा स्वतः ओवते, आणि समोरच्या इमारतीत कोण कुणाशी भांडतं तेही दिसतं.

कागद गेले तेव्हा आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी कात्री घेतली. जो येईल त्याला उभं केलं आणि त्याचा कागद नव्याने कापला. निम्मी माणसं म्हणाली, बरं झालं, आता पोट सुटलंय, जुन्या मापात कुठे मावणार होतो. तेव्हा कागदांचा राग केव्हाच गेला. माझा राग वेगळा होता. तू तीनदा फोन केलास तेव्हा तिन्ही वेळा मला ठाऊक होतं, उचलला की तू समजावून सांगशील. दोन वर्षं मी वाट बघत होते, की ही एकदा तरी विचारेल.

रिळांची तुझी रांग मी मोडलेली नाही. रंगांप्रमाणे पटकन सापडतात. हे बाहेर कुठे बोलायचं नाही.

तो तयार कोट घेऊन ये. डाव्या खांद्यात अर्धा इंच भर घालायला हवी, लहानपणापासून घालत आलेय. दुकानदाराला ते काय माहीत?

आणि आता माझा एक प्रश्न आहे. आईचा कागद मी पुन्हा कापला. समोर उभं करायला ती नव्हती, म्हणून डोळे मिटून, हाताला आठवेल तसा. खिळ्याला लावलाय. पण उजवा खांदा जरा जास्त उतरला की काय, असं मला रोज सकाळी दुकान उघडताना वाटतं. मी तिला नेहमी समोरून बघितलं, माप घेताना. तू तिच्या त्याच खांद्यावर डोकं ठेवून मोठी झालीस. हे सांगू शकेल असं आता तुझ्याशिवाय कुणी नाही.

सल्लागार झालीस ना? मग ये, मला सल्ला हवाय.

ताई